‘चुकलं’ आणि ‘मी चुकलो’

मी एका छोट्या कारखान्यात दर्जा-तपासणी विभागाचा प्रमुख होतो तेव्हाची गोष्ट. पंपाच्या भागांमध्ये बोअर करून देण्याचं काम आमच्याकडे असे. प्रत्येक छिद्र प्लग गेजने तपासायचं: ‘गो’ची बाजू आत गेली पाहिजे, ‘नो गो’ची अडली पाहिजे. एकदा ग्राहकाकडून अख्खा लॉट परत आला, शाफ्ट बसत नव्हता. शोध घेतला तेव्हा कळलं की आमच्या गेजची ‘गो’ बाजू रोजच्या वापराने झिजली होती. झिजून बारीक झालेला गेज लहान छिद्रातही सहज शिरतो. जे भाग नापास व्हायचे, ते आम्ही पास करत होतो.

मशीनवरच्या ऑपरेटरला विचारलं. तो म्हणाला, ‘‘साहेब, मला कधीपासून शंका येत होती. गेज पहिल्यापेक्षा सैल जात होता.’’

‘‘मग बोलला का नाहीस?’’

तो जरा वेळ खाली बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘मागच्या महिन्यात बोललो होतो की. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, गेज बरोबर आहे, तुझा हात बघ.’’

मला ते वाक्य आठवतही नव्हतं. त्याला शब्दन्शब्द पाठ होतं. त्या संध्याकाळी मी वरच्यांना अहवाल दिला, त्यात लिहिलं, ‘गेजचे कॅलिब्रेशन वेळेत न झाल्याने त्रुटी राहून गेली.’ वाक्य खोटं नव्हतं, पण त्यात मी कुठेच नव्हतो. तीन दिवस ते टोचत राहिलं. चौथ्या दिवशी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी, जिथे त्याला बोललो होतो तिथेच, त्याच माणसांसमोर मी सांगितलं, ‘‘यांनी मला आधी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. लॉट माझ्यामुळे परत आला.’’ कोणी काही बोललं नाही. पण त्याच आठवड्यात तिघं वेगवेगळे येऊन भेटले. एका व्हर्नियरचा शून्य सरकला होता, एका फिक्स्चरचा बोल्ट ढिला होता आणि एका मशीनचं कूलंट फार पातळ झालं होतं. तिन्ही गोष्टी त्यांना केव्हापासून माहीत होत्या.

नेतृत्वातला प्रामाणिकपणा, मनमोकळेपणा याविषयी हल्ली बरंच बोललं जातं. अमेरिकेतल्या ब्रेने ब्राऊन यांचं २०१० सालचं या विषयावरचं भाषण जगभर पाहिलं गेलं आणि आपल्याकडच्या कंपन्यांच्या प्रशिक्षणांतही हा विषय आला. त्यातून अनेकांचा असा समज झाला आहे की साहेबाने आपली दुःखं सांगावीत, डोळे पाणावू द्यावेत, म्हणजे तो खरा वाटतो. मला यातला मुद्दा वेगळा दिसतो. वरच्या माणसाने आपली उणीव उघड करायची ती स्वतःचं मन हलकं करण्यासाठी नाही. खालच्या माणसाला तोंड उघडता यावं, यासाठी ती करायची. ही एक कसोटी हाताशी ठेवली तर काय बोलावं, किती बोलावं, कोणासमोर बोलावं हे प्रश्न बरेचसे सुटतात. तुम्ही शाळेच्या मुख्याध्यापिका असा, बँकेच्या शाखेचे मॅनेजर, वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टर, बचत गटाच्या अध्यक्ष किंवा सोसायटीचे सेक्रेटरी असा, कसोटी तीच.

आपली अडचण अशी की आपण ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ऐकत वाढलो. मूठ उघडली की किंमत गेली, ही भीती पदावर बसल्याबरोबर दुप्पट होते. पण मूठ झाकलेली आहे हे फक्त आपल्यालाच वाटत असतं. ऑफिसातल्या शिपायापासून सगळ्यांना ठाऊक असतं की साहेबांना एक्सेल येत नाही, की मॅडमना पालकसभेचं दडपण येतं. त्यांना ठाऊक नसतं ते एवढंच, की हे बोललेलं चालेल की नाही.

भीती कबूल केल्याने माणूस लहान होतो असं वाटत असेल, तर बाबा आमटे आठवावेत. तरुणपणी ते वरोऱ्यात वकिली करत होते. घर जमीनदाराचं, स्वभाव बेधडक, शिकारीचा शौक, नगरपालिकेचं उपाध्यक्षपद. आपण कशालाच भीत नाही, असा त्यांचा स्वतःविषयीचा समज होता. एका पावसाळी संध्याकाळी गटाराच्या कडेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी मरणासन्न पडलेला दिसला आणि बाबा घाबरून तिथून पळाले. पुढे ते परत गेले, त्याला आडोसा करून दिला, त्याची शुश्रूषा केली. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली, त्यातून आनंदवन उभं राहिलं. हे काम करुणेतून सुरू झालं असं सांगणं त्यांना किती सोपं होतं! त्याऐवजी ते आयुष्यभर सांगत राहिले की मी घाबरलो होतो, आणि ती भीती मला सहन होईना म्हणून या कामाकडे आलो. आनंदवनात काम करायला येणाऱ्या तरुणांना त्यातून काय मिळालं असेल, याचा विचार करा. पहिल्या दिवशी जखम बघून पाय मागे गेला तरी ते अपात्र ठरत नव्हते. संस्थापकाचा पायही मागेच गेला होता.

त्या कबुलीत आणखी एक गोष्ट आहे, जी सहज नजरेतून सुटते. बाबांनी भीती सांगितली, पण तिच्यासमोर ते थांबले नाहीत. पळाल्याची हकीकत आणि परतल्याची हकीकत एकत्र येतात. नुसती पहिली सांगितली तर ती ऐकणाऱ्याच्या डोक्यावरचं ओझं होते.

आता भाषेकडे येऊ, कारण मला वाटतं खरी पळवाट तिथेच आहे. मराठीत जबाबदारीतून अलगद निसटायची सोय व्याकरणातच आहे. ‘चुकलं’, ‘राहून गेलं’, ‘झालं असेल’, ‘लक्षात आलं नाही’ या सगळ्यांत कर्ता गायब. आपण दिवसभर अशी वाक्यं वापरतो आणि आपल्याला वाटतं आपण चूक कबूल केली. ‘निरोप द्यायचा राहून गेला’ आणि ‘मी तुम्हाला निरोप दिला नाही’ यांत ऐकणाऱ्याला जमीन-अस्मानाचा फरक जाणवतो. दुसरा चोरदरवाजा म्हणजे ‘आपण’. ‘आपलं जरा चुकलंच’ म्हणणारा साहेब स्वतःची चूक पंधरा जणांत वाटून टाकतो. यशाच्या वेळी ‘आपण’ आणि चुकीच्या वेळी ‘मी’ हा साधा नियम पाळून बघा, पहिले काही दिवस जीभ अडखळेल. तिसरा प्रकार ‘माझं काही चुकलं असेल तर’. त्यातला ‘तर’ समोरच्याच्या अंगावर टाकलेला असतो, चूक सिद्ध करायचं काम आता त्याचं.

सांगायचं कसं? तीन गोष्टी त्यात असल्या की पुरे: मी नेमकं काय केलं, त्यामुळे काय झालं, आणि आता मी काय वेगळं करणार. ‘सुट्टीचं वेळापत्रक मी तुम्हाला न विचारता ठरवलं. त्यामुळे तुमच्यापैकी दोघींची घरची कामं अडली. पुढच्या महिन्याचं कच्चं वेळापत्रक वीस तारखेला फळ्यावर लावीन, पंचवीसपर्यंत बदल सांगा.’ एवढं बोलायला अर्धं मिनिट लागतं. त्यात ‘मी फार वाईट आहे’ नाही, रडगाणं नाही आणि ‘पण मलाही वरून दबाव होता’ हे शेपूटही नाही. शेपूट जोडलं की आधीचं सगळं पुसलं जातं.

गांधीजींचं १९१९चं उदाहरण इथे फार उपयोगाचं आहे. रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहात ठिकठिकाणी हिंसा झाली, तेव्हा नडियादला त्यांनी जाहीरपणे सांगितलं की लोकांची पुरेशी तयारी नसताना मी त्यांना कायदेभंगाला बोलावलं, ही माझी हिमालयाएवढी चूक. या कबुलीबद्दल त्यांची पुष्कळ टिंगल झाली. आत्मकथेत ते ती टिंगल नोंदवतात आणि कबुलीचा पश्चात्ताप कधी झाला नाही, हेही नोंदवतात. मला महत्त्वाचा वाटतो तो या कबुलीचा नेमकेपणा. ‘आंदोलन फसलं’ असं ते म्हणाले नाहीत. कोणती पायरी गाळली, तेच सांगितलं. सत्याग्रह थांबवला आणि मुंबईला येऊन लोकांना सत्याग्रहाचा अर्थ समजावून देणारे स्वयंसेवक उभे करायच्या कामाला लागले. गाळलेली पायरी भरायला घेतली.

आता सावधगिरीची बाजू, कारण मनमोकळेपणाच्या नावाखाली बरंच नुकसानही होतं. नेतृत्वाचा अभ्यास करणाऱ्या प्राध्यापिका हर्मिनिया इबारा यांनी २०१५ साली एका लेखात एका अधिकारी बाईंचा अनुभव दिला आहे. त्यांच्यावर अचानक पूर्वीपेक्षा कितीतरी मोठी जबाबदारी आली. खरेपणावर विश्वास असल्यामुळे त्यांनी नव्या सहकाऱ्यांना सांगून टाकलं की मला हे काम करायचं आहे, पण भीती वाटते, मला तुमची मदत हवी. सहकाऱ्यांना एक खंबीर माणूस हवा होता, आणि बाईंनी त्यांचा विश्वास गमावला. १९६६ साली मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी केलेला एक प्रयोगही याच अंगाने जातो. प्रश्नमंजुषेत हुशार ठरलेल्या माणसाने अंगावर कॉफी सांडली तर तो ऐकणाऱ्यांना अधिक आवडू लागला. यथातथा उत्तरं देणाऱ्याने सांडली तर तो आणखी नावडता झाला.

म्हणून तुम्ही पदावर नवे असाल तर पहिल्याच आठवड्यात आपल्या भीतीची पोतडी उघडू नका. त्याऐवजी अज्ञान सांगा, आणि तेही नेमकं. ‘मला हिशेबाचं काम येतं, कर्जवसुलीचं येत नाही. ते मी तुमच्याकडून दोन महिन्यांत शिकणार आहे, सुरुवात या बुधवारपासून.’ यात उणीव आहे, पण तिच्यासोबत दिशा आहे. भीती आहेच, ती सांगायला घरचं माणूस आहे, जुना मित्र आहे, दुसऱ्या शाखेतला बरोबरीचा सहकारी आहे. हाताखालच्या माणसाला तुमचं समुपदेशन करायला लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे. तो ‘नाही, मला वेळ नाही’ म्हणू शकत नाही.

स्त्रियांना या बाबतीत दुहेरी काच असतो, हे मी पुन्हापुन्हा पाहिलं आहे. पुरुष अधिकाऱ्याचा आवाज दाटला तर ‘माणूस हळवा आहे’, बाईचा दाटला तर ‘झेपत नाही वाटतं’. त्यामुळे मी बायकांना ‘बिनधास्त मोकळ्या व्हा’ असा सरसकट सल्ला देत नाही. निर्णयातली चूक स्वच्छ शब्दांत सांगा, ती सांगताना आकडा, तारीख, पुढची कृती जवळ ठेवा. आणि तुमच्या वर पुरुष बसलेला असेल तर आधी बोलण्याचं काम त्याचं आहे.

एवढं करून अर्धंच काम होतं. आपण बोललो, आता समोरच्याने बोलावं यासाठी जागा करावी लागते, आणि ती नुसत्या ‘माझं दार सदैव उघडं आहे’ने होत नाही.

२८ डिसेंबर १९७८ रोजी अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचं एक विमान कोसळलं आणि दहा जण मेले. विमान उडू शकत होतं. उतरण्याच्या चाकांविषयी शंका आली म्हणून कॅप्टन जवळजवळ तासभर घिरट्या घालत त्याच प्रश्नात अडकला आणि इंधन संपलं. इंधन कमी होतंय हे कॉकपिटमधल्या इतरांना दिसत होतं, त्यांनी सुचवलंही, पण ‘कॅप्टन, आता उतरलंच पाहिजे’ इतक्या ठामपणे ते पुढे आलं नाही. अशा अपघातांनंतर विमान कंपन्यांनी कॅप्टनला ऐकायला आणि बाकीच्यांना बोलायला शिकवणारं प्रशिक्षण सुरू केलं, ते आज जगभर सक्तीचं आहे.

अमेरिकेतले सर्जन डॉ. अतुल गावंडे यांचं घराणं मूळ यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड भागातलं. त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी शस्त्रक्रियेची १९ मुद्द्यांची तपासणी यादी तयार केली, तिची प्रेरणाही विमानक्षेत्रातून आली. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा गंभीर गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आणि मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. त्या यादीतला एक मुद्दा आपल्या कामाचा आहे: पहिला छेद देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. ज्याने एकदा तोंड उघडलं आहे, तो पुढे गडबड दिसली तर बोलण्याची शक्यता वाढते. आणि गावंडे यांनी स्वतःबद्दल लिहिलं आहे ते वाचून मला त्यांच्याविषयी नितांत आदर वाटला. यादी दुसऱ्यांसाठी केली, माझ्यासारख्याला तिची गरज पडणार नाही असं त्यांना वाटत होतं. मग एका शस्त्रक्रियेत त्यांच्याच हातून हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेला छेद गेला. रक्त आधीच तयार ठेवलेलं होतं, ते यादीमुळे. रुग्ण वाचला. जगातल्या एका नामवंत सर्जनने हे छापून सांगितलं आहे.

यातून आपल्या मीटिंगसाठी काही सवयी घेता येतील. सुरुवातीलाच प्रत्येकाला एक वाक्य बोलू द्या, सगळ्यांत कनिष्ठ माणसापासून. तुमचं मत शेवटी सांगा. साहेबांनी आधी मत दिलं की बाकीच्यांची मतं त्याच दिशेला वळतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. ‘काही शंका?’ हा प्रश्न टाळा, त्याचं उत्तर शांतताच असतं. त्याऐवजी विचारा, ‘यात काय बिघडू शकतं असं तुम्हाला वाटतं? प्रत्येकाने एक तरी सांगा.’ म्हणजे उणीव सांगणं हे धाडस राहत नाही, नेमून दिलेलं काम होतं. ‘मला माहीत नाही’ म्हटलंत तर त्याला तारीख जोडा. ‘बघतो’, ‘सांगतो’, ‘करून टाकू’ या शब्दांवर आपल्याकडे कोणाचाच विश्वास उरलेला नाही, आणि ते योग्यच आहे.

सगळ्यांत कठीण क्षण येतो तो कोणी खरोखर वाईट बातमी घेऊन येतो तेव्हा. तुमच्या चेहऱ्यावर पहिल्या तीन सेकंदांत काय उमटतं, ते पाहून तो माणूस पुढच्या तीन वर्षांचं ठरवतो. राग आला तर येऊ द्या, पण पहिलं वाक्य तयार ठेवा. माझं असं आहे: ‘‘बरं झालं सांगितलंत. बसा, पहिल्यापासून सांगा.’’ मी ते पाठ केलं आहे. उत्स्फूर्त वागणं म्हणजेच खरं वागणं, असं मला वाटत नाही. माझं उत्स्फूर्त वाक्य ‘तुझा हात बघ’ हे होतं.

हे सगळं सुरू केल्यावर एका गोष्टीची तयारी ठेवा. चुका वाढलेल्या दिसतील. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांमधल्या औषध देण्यातल्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या विभागांत चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे निघाले. ज्या विभागांचं नेतृत्व आणि आपसातलं वागणं चांगलं, तिथे नोंदलेल्या चुका जास्त. तिथले लोक चुका लपवत नव्हते, हे त्याचं कारण. तेव्हा तुमच्या रजिस्टरमध्ये नोंदी वाढल्या तर लगेच कोणाला फैलावर घेऊ नका. वरच्यांनाही आधीच सांगून ठेवा की पुढचे दोन-तीन महिने आकडा वर जाईल आणि का जाईल.

काही ठिकाणी मूठ झाकलेलीच ठेवावी. दुसऱ्याची गोष्ट तुमच्या मोकळेपणात येता कामा नये. तुमच्याकडे कोणी आजारपण, घरची अडचण सांगितली असेल, ती त्याची आहे. आग लागली असताना, रुग्ण कोसळला असताना ‘मलाही सुचत नाहीये’ म्हणायचं नसतं, तेव्हा एकेकाला नाव घेऊन काम सांगायचं असतं. आणि बाहेरच्यांसमोर हाताखालच्या माणसाची चूक उघड करणं हा प्रामाणिकपणा नव्हे. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेलं एसएलव्ही-३ हे रॉकेट समुद्रात कोसळलं. संगणकाने उड्डाण थांबवलं असताना ते पुढे नेण्याचा निर्णय प्रकल्पप्रमुख अब्दुल कलामांचा होता, हे पुढे कलामांनीच सांगितलं. त्या दिवशी पत्रकारांसमोर मात्र इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन बसले आणि अपयश त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलं. यंत्रणेत गळती कुठे झाली याची चिरफाड आत, शास्त्रज्ञांमध्ये झाली. १८ जुलै १९८० रोजी उड्डाण यशस्वी झालं तेव्हा धवन यांनी कलामांना पत्रकारांपुढे पाठवलं. ही गोष्ट धवन यांच्या मोठेपणासाठी सांगतात. मी ती कामाच्या शिस्तीसाठी सांगतो: बाहेर एकाने उभं राहायचं, आत सगळ्यांनी कारण शोधायचं.

तुम्हाला एक विनंती आहे. या आठवड्यात एक कागद घ्या आणि गेल्या वर्षभरात तुमच्यामुळे अडलेलं, बिघडलेलं किंवा कोणाला लागलेलं एक काम त्यावर लिहा. वाक्यात ‘मी’ हा कर्ता ठेवा. मग ते वाक्य ज्याला ऐकवायला हवं त्याला, आणि तुम्ही त्याला चारचौघांत बोलला असाल तर चारचौघांतच, ऐकवा. त्यानंतर त्याने काही सांगितलं तर मध्ये न बोलता ऐका, आणि जे कळेल त्यावर आठ दिवसांत काहीतरी करा.

आमच्या त्या कारखान्यात गेज दर सोमवारी मास्टर गेजवर तपासायला सुरुवात झाली. त्या नोंदवहीवर पहिली सही त्या ऑपरेटरची असे, माझी त्याच्याखाली.